पीएफओए-फ्री तवा आणि पीटीएफई-फ्री तवा: घरात पक्षी असेल तर फरक बघाच

नॉनस्टिकच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात 'पीएफओए-फ्री' छापलेलं असतं आणि पक्षी पाळणारी माणसं तेवढं वाचून तवा घेऊन येतात, म्हणजे आता आपल्या बजीला, त्या छोट्या पोपटाला, काही होणार नाही असं धरून. पण पक्ष्याच्या जिवावर उठते ती पीटीएफई, आणि पीएफओए-फ्री तव्यात ती बहुतेक वेळा असतेच.

पीटीएफई म्हणजे ते गुळगुळीत कोटिंगच, 1938 साली अमेरिकेत चुकून सापडलेलं, टेफ्लॉन हे त्याचंच ब्रँडनेम. पीएफओए म्हणजे हे कोटिंग बनवताना कारखान्यात वापरायचे ते केमिकल, ते माणसाच्या अंगात वर्षानुवर्षं राहतं म्हणून त्यावर ओरड झाली, 2019 मध्ये घातक रसायनं आवरण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. ते काढलं ते चांगलंच झालं, पण कोटिंग जागच्या जागीच आहे ना.

साधारण 260 डिग्रीला हे कोटिंग बिघडायला लागतं आणि 350 च्या पुढे त्यातून भराभर विषारी वायू सुटतात. आता आपल्याकडे काय होतं, बांगड्यांना मसाला लावून रव्यात घोळवेपर्यंत तवा मोठ्या गॅसवर तापत ठेवलेला असतो, मधेच बेल वाजते, कोणतरी बोलायला लागतं, आणि रिकामा तवा काही मिनिटांतच त्या तापमानाला पोचतो. तेल असलं तर ते आधी धुरकटतं, आपल्याला कळतं तरी, रिकाम्या तव्याचा वायू दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो. माणसाला बहुतेक वेळा फ्लूसारखा ताप येतो. पक्ष्याचं तसं नाही, श्वास आत घेताना आणि सोडतानाही त्याच्या फुप्फुसातून ताजी हवा एकाच दिशेने जात असते, म्हणून ऑक्सिजन जसा जास्त ओढला जातो तसं विषही. बजी पिंजऱ्याच्या तळाला येऊन बसतो, चोच उघडी, प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली, आणि कधीकधी काही मिनिटांतच सगळं संपतं.

जुन्या कौलारू घरात कौलांच्या फटींतून तरी हवा खेळते, पण पणजी-मडगावच्या फ्लॅटमध्ये किचन हॉलला जोडलेलं, बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद, त्यात पिंजरा हॉलमध्ये, मग वायू जाणार कुठे? मला तर पावसाळ्याचीच जास्त भीती वाटते.

'ग्रॅनाइट', 'मार्बल', 'स्टोन' ही नावंही फसवी असतात, आत बऱ्याचदा पीटीएफईच असते. खोक्यावर 'पीटीएफई-फ्री' किंवा 'पीएफएएस-फ्री' (पीएफएएस म्हणजे पीटीएफई, पीएफओए ज्यात येतात तो केमिकल्सचा गट) असं स्पष्ट लिहिलेलं शोधा, नसेल तर तवा परत ठेवा. एअर फ्रायरची बास्केट, सँडविच मेकर, इस्त्रीचा तळ, इथेही हेच कोटिंग असू शकतं. माझं विचाराल तर बिडाचा तवा घ्या, आंबोळ्या सुंदर येतात, फक्त तेल जळू देऊ नका, तो धूरही पक्ष्यांना बाधतोच.

आणि तवा चुकून तापलाच तर गॅस बंद करून आधी पिंजरा उचला, बाल्कावात (घरापुढच्या उघड्या ओट्यावर) नाहीतर बाल्कनीत न्या, खिडक्या मागाहून उघडा आणि लगेच पक्ष्यांच्या डॉक्टरला फोन लावा. पक्षी सावरल्यासारखा वाटला तरी दाखवाच, फुप्फुसातली सूज नंतरही वाढू शकते.