पत्राखालच्या त्या एका ओळीबद्दल

‘या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही.’ वाचकांच्या पत्रांखाली एवढे छापले की मजकुराची जबाबदारी फक्त पत्रलेखकाची, असा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. ओळ रोज दिसते, त्यामुळे तो पटणे स्वाभाविकच. पण ती ओळ मताबद्दल बोलते, छापण्याच्या निर्णयाबद्दल नाही.

१८६७ च्या पीआरबी म्हणजे ‘प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स’ कायद्याने (तो २०२४ पर्यंत लागू होता) संपादकाची व्याख्याच केली ती छापायच्या मजकुराची निवड करणारा अशी. बदनामीच्या व्याख्येतही (पूर्वी दंडविधानाचे कलम ४९९, आता न्याय संहितेचे ३५६) आरोप करणाऱ्यासोबत तो प्रसिद्ध करणारा येतो. पत्रलेखक सुटतो असे नाही, दोघेही उत्तरदायी. घरातल्या अंकात तळाची बारीक टायपातली ओळ शोधा. मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे तिथे असतात आणि जुन्या अंकांत बऱ्याचदा संपादकाच्या नावाशी चांदणी करून ‘पीआरबी कायद्यानुसार जबाबदार’ असेही लिहिलेले असे.

म्हणूनच ‘अमुक रेशन दुकानदाराने धान्य लाटले’ असे पत्र छापण्यासाठी आले की मी आधी पत्रलेखकाला फोन लावते. “तुम्ही स्वतः पाहिलंत का?” उत्तर “सगळे म्हणतात” असेल, तर दुकानदाराचे नाव आणि आरोप काढते. वाचकाच्या अनुभवातली तक्रार मात्र तशीच ठेवते: दोन महिने गहू मिळाला नाही.