बंदुकीला दुर्बीण घ्यायला निघालात? आधी हे वाचा

पेरण्या उरकल्या की आमच्या परभणीच्या दुकानात एक प्रश्न ठरलेला असतो. "बारा बोअरला बसंल अशी एखादी स्वस्तातली दुर्बीण हाय का?" विचारणारे बहुतेक जिंतूर-सेलूकडचे शेतकरी असतात. राखणीची परवान्याची बंदूक घरात, रोही (नीलगाय) आणि डुकरं सोयाबीनमध्ये, आणि रात्र रात्र जागल. आमच्याकडे बंदुकीवर बसवायचे स्कोप आहेत, गळ्यात अडकवायच्या दुर्बिणीही आहेत. आपल्याकडे दोन्हींना दुर्बीणच म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. स्कोप मागणाऱ्या बऱ्याच जणांना आम्ही तो विकत नाही. त्याची कारणं काउंटरवर सांगून सांगून घसा बसला, म्हणून हा कागद छापला.

खोक्यावरचं हरिण

"शॉटगन स्कोप" (शॉटगन म्हणजे आपल्या बारा बोअरसारखी छर्ऱ्याची बंदूक) म्हणून जो माल येतो, त्याच्या खोक्यावर बहुधा शिंगवाल्या हरणाचं चित्र असतं. ते हरिण अमेरिकेतलं आहे. ओहायो, इलिनॉय अशा सपाट आणि वस्तीच्या राज्यांत हरणाच्या शिकारीला लांब पल्ल्याची रायफल वर्षानुवर्षं चालत नव्हती. म्हणून तिथले शिकारी शॉटगनमध्ये छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी घालतात, तिला स्लग म्हणतात. एकच गोळी असली की नेम नेमका धरावा लागतो, आणि त्यासाठी स्कोप आला.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानं शिकारीला बंदी आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याची शिकार केली तर किमान तीन वर्षं कैद. रोही-डुकरांचा उपद्रव असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज द्या, नुकसानीचा पंचनामा करून घ्या. लेखी परवानगी हातात नसताना बंदूक उचलू नका. "शिकारीसाठी दाखवा" म्हणणाऱ्याला आम्ही खोकंसुद्धा उघडून दाखवत नाही, मग तो पाहुण्यातला का असेना.

डबल बारला स्कोप का नको

आपल्याकडची बारा बोअर बहुतेक वेळा दोन नळ्यांची असते आणि तिच्यात छर्ऱ्याचं काडतूस असतं. छर्रे पसरतात. ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळात साधारण ७० टक्के छर्रे बसले तर ती नळी 'फुल चोक', म्हणजे टोकाला चांगली आवळलेली, समजतात. साध्या नळीचा पसारा याहून कितीतरी मोठा. एवढ्या पसाऱ्यासाठी स्कोपमधला केसाएवढ्या बारीक रेघांचा क्रॉस म्हणजे पोहे मोजून शिजवण्यासारखं आहे. शिवाय शेजारी शेजारी असलेल्या दोन नळ्या ठरावीक अंतरावर एका जागी मारा करतील अशा जोडलेल्या असतात. त्या अंतराच्या अलीकडे-पलीकडे स्कोप एका नळीला जुळवला की दुसरी चुकते. त्यात या बंदुकांवर रेल, म्हणजे स्कोप अडकवायची पट्टी, नसते. जुगाड करून क्लॅम्प आवळला की नळ्यांमधल्या पट्टीचा टाका सुटतो, अशी एक बंदूक आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. नळीच्या टोकावरचा पितळी मणी या कामाला पुरतो, आणि तो फुकट आहे.

घ्यायचाच असेल तर

एकनळी बंदूक असेल, वर रेल असेल, परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारून झालं असेल, तर पुढचं वाचा.

स्कोपवर ३-९×४० असं लिहिलेलं असतं. वस्तू ३ ते ९ पट मोठी दिसते आणि पुढच्या काचेचा व्यास ४० मिलिमीटर आहे, एवढाच त्याचा अर्थ. गिऱ्हाईक ९ वर भाळतं. पण ४० ला ९ नं भागा, साडेचार मिलिमीटरही भरत नाही. डोळ्यापर्यंत येणारा उजेडाचा झोत तेवढाच जाड. ४ वर ठेवलं तर तो १० मिलिमीटर होतो. दिवेलागणीला आपल्या डोळ्याची बाहुली मोठी होते, तेव्हा हाच फरक जाणवतो: ९ वर सगळं काळवंडलेलं, ४ वर बांध आणि बाभूळ वेगळी दिसते. पट वाढली की दिसणारा पट्टाही अरुंद होतो. शॉटगनला २-७×३२ किंवा साधा ४×३२ भरपूर झाला. साधा ४×३२ आमच्याकडे दोन हजारांच्या आत-बाहेर मिळतो.

पॅरलॅक्स किती यार्डांना जुळवलाय तेही विचारा. डोकं जरा हललं की क्रॉस वस्तूवरून सरकल्यासारखा वाटतो, तो हा दोष. रायफलचे स्कोप बहुधा १०० यार्डांना जुळवलेले असतात, शॉटगनचे ५० किंवा ७५ ला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आय रिलीफ. मागची काच डोळ्यापासून किती लांब असताना पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर. बारा बोअरचा धक्का जबर असतो, म्हणून हे अंतर साडेतीन इंचांच्या खाली नको. एक काका आमच्याकडे आले होते, उजव्या भुवईवर अगदी रेखीव चंद्रकोर. आम्हाला वाटलं लहानपणीची जखम. ते हसले, म्हणाले, "लहानपणीची कसली? गेल्या साली स्वस्तातली दुर्बीण लावली, पहिल्याच बाराला तिनंच काढली." त्या स्कोपमध्ये चित्र दिसायला डोळा काचेला जवळजवळ टेकवावा लागत होता.

पुठ्ठ्याच्या खोक्याची परीक्षा

स्वस्त स्कोप काचेपेक्षा आतल्या यंत्रात जास्त दगा देतो. म्हणून आम्ही एका पुठ्ठ्याच्या खोक्याला व्ही आकाराच्या दोन खाचा पाडून ठेवल्या आहेत. स्कोप खाचांत ठेवायचा आणि समोरच्या इमारतीच्या विटांवर क्रॉस धरायचा. मग वरचा नॉब २० क्लिक वर, बाजूचा २० क्लिक उजवीकडे, पुन्हा २० खाली, २० डावीकडे. क्रॉस निघाल्या विटेवर परत आला पाहिजे. पाव मिनिटाची (हे मिनिट घड्याळाचं नव्हे, कोनाचं) एक क्लिक असेल तर १०० यार्डांवर ती साधारण पाव इंच सरकते, म्हणजे २० क्लिकला ५ इंच. मध्येच अडकला, उडी मारली, परत आला नाही, तर तो स्कोप खोक्यात परत. मागं आम्हीच घाईत एक अख्खी पेटी न तपासता उचलली होती. निम्मे तरी विटेवर परत येईनात. पुरवठादारानं फोन उचलणं बंद केलं आणि तोटा आमच्या पदरी पडला. तेव्हापासून ही परीक्षा गिऱ्हाइकासमोर होते, न लाजता करून मागा.

स्कोपवर तीन हजार घालून तो बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या रिंगा शंभर रुपयांच्या घेऊ नका. सैल रिंग म्हणजे सैल नेम. स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळा आणि डोक्यावर नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवा. रेघ सरकली की स्क्रू ढिला झाला हे कळतं. काच उपरण्यानं पुसू नका. सोयाबीनच्या मळणीची धूळ काचेवर ओरखडे पाडते. आधी फुंकणीनं उडवा.

एअर रायफलवाल्या पोरांसाठी

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं, तेव्हापासून पोरं वडिलांना घेऊन दुकानात येतात. बाबांनो, त्या प्रकारात आणि १० मीटर एअर रायफलमध्येही दुर्बिणीचा स्कोप चालत नाही, भोकाची पीप साइट लागते. स्पर्धेला जायचं असेल तर आधी प्रशिक्षकाला विचारा. घरच्या सरावाला स्कोप हवाच असेल तर 'एअर गन' लिहिलेलाच घ्या. स्प्रिंगची एअर रायफल मागं आणि पुढं असे दोन्हीकडे धक्के देते, त्यात एरवीचा चांगला स्कोपही खिळखिळा होतो.

तुम्हाला बघायचंय की मारायचंय?

हा प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारतो. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: "तुरीत काय शिरलंय ते दिसाया पाहिजे." मग स्कोप कशाला? स्कोपमधून बघायचं म्हणजे जे बघतोय त्याच्यावर नळी रोखायची. आमच्या एका गिऱ्हाइकानं पहाटे धुऱ्यावर काळं काहीतरी हलताना पाहिलं आणि स्कोप डोळ्याला लावला. घोंगडं पांघरून पाणी द्यायला निघालेला शेजारी होता. ते सांगताना त्यांचा चहाचा कप बशीवर वाजत होता. त्यांनी स्कोप परत केला, आम्हीही किंमत न कापता घेतला.

त्याच पैशात थोडी भर घातली तर ८×४० ची दुर्बीण येते. दोन्ही डोळ्यांनी दिसतं, उजेडाचा झोत ५ मिलिमीटरचा, आणि हात फारसा थरथरत नाही. १० पटीची हातात धरून बघाल तर चित्र नाचतं. हीच दुर्बीण हिवाळ्यात पैठणला जायकवाडीच्या पाण्यावर पक्षी बघायला चालते. पोराबाळांच्या हातात द्यायलाही भीती नाही.

दुकानात येताना बंदूक आणू नका. रेल असेल तर तिची रुंदी पट्टीनं मोजून आणा आणि मोबाइलवर वरून एक, बाजूनं एक फोटो काढून आणा. चष्मा असेल तर तो मात्र घालून या.