स्वाक्षरित अपलोड

स्वाक्षरित अपलोड : साठवण-सेवेची (इंटरनेटवर फाइली ठेवून देणाऱ्या सेवेची) गुप्त किल्ली कोणाच्याही हाती न देता, ठरावीक जागी फाइल ठेवण्याची मुदतबंद परवानगी एका लिंकमधून देण्याची पद्धत. प्रोग्रामरांच्या बोलण्यात हिचे नाव ‘प्रीसाइन्ड यूआरएल’. वेबसाइट आणि मोबाइल ॲपमध्ये ती बरीच वर्षे रुळलेली आहे. एआय एजंट (स्वतः पायऱ्या ठरवून काम करणारे प्रोग्राम) टूल, म्हणजे बाहेरची कामे करवून घेण्याची साधने, वापरून कामे करू लागल्यावर मात्र तिची गरज वेगळ्याच कारणाने भासू लागली.

एजंटामागचे भाषा-मॉडेल जे काही करते ते मजकुरातून करते. टूलला द्यायची माहितीही ते अक्षर-अक्षर लिहूनच देते. एजंट आणि टूल यांना जोडण्यासाठी ॲन्थ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (एमसीपी) हे संदेश जेसन-आरपीसी २.० या मजकुरी साच्यात जातात. त्यात फोटो किंवा पीडीएफ कोंबायची तर आधी तिचे बेस६४ करावे लागते, म्हणजे दर ३ बाइटांची ४ अक्षरे. १० एमबीची फाइल अशा रीतीने सुमारे १ कोटी ३३ लाख अक्षरांची होते. एवढी अर्थहीन अक्षरे मॉडेलने बिनचूक उतरवून काढावीत ही अपेक्षाच चुकीची. एक अक्षर हुकले तरी फाइल बिघडू शकते. म्हणून टूल फाइल मागतच नाही. ते फाइल कुठे आणि कशी नेऊन ठेवायची याची सही-शिक्क्याची चिठ्ठी तेवढी देते.

व्यवहार असा चालतो. एजंटाने आपल्या सँडबॉक्समध्ये (त्याला काम करायला दिलेल्या बंदिस्त संगणकीय जागेत) एक अहवाल तयार केला आहे. तो ‘अपलोडची तयारी’ करणारे टूल बोलावतो आणि फाइलचे नाव, प्रकार व आकार कळवतो. टूलमागचा सर्व्हर वापरकर्त्याचा हक्क तपासतो, फाइलचा पत्ता स्वतः ठरवतो (एजंटाने सुचवलेले नाव जसेच्या तसे पत्त्यात घालणे धोक्याचे) आणि सही करून उत्तर देतो. उत्तरात लिंक, ‘पुट’ ही मेथड (विनंतीचा प्रकार; ‘पुट’ म्हणजे फाइल ठेव), सोबत पाठवायचे हेडर (विनंतीबरोबरच्या माहितीच्या ओळी), मुदत आणि फाइलचा ओळख-क्रमांक असतो. मग एजंट शेलमध्ये (लेखी आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ‘कर्ल’ या फाइल पाठवणाऱ्या आज्ञेची एक ओळ चालवतो आणि फाइल थेट साठवण-सेवेत जाते, तिचे बाइट ना मॉडेलच्या नजरेखालून जातात, ना टूलच्या सर्व्हरवरून. शेवटी ‘अपलोड पूर्ण’ असे कळवणारे दुसरे टूल बोलावले की सर्व्हर फाइल खरोखर पोहोचली का, आकार जुळतो का हे पाहून तिची नोंद करतो. ही शेवटची पायरी एजंट अधूनमधून विसरतात. मागे राहिलेल्या बेवारस फाइली काही दिवसांनी आपोआप पुसण्याचा नियम त्यामुळे साठवण-सेवेत लावून ठेवावा लागतो.

सहीमागचे गणित साधे आहे. मेथड, होस्ट (सेवेचे डोमेन), पत्ता, वेळ, मुदत आणि ठरलेले हेडर यांपासून एक ठरावीक मजकूर बनवतात आणि गुप्त किल्ली वापरून त्याचा एचमॅक (किल्लीशिवाय काढता न येणारा गणिती ठसा) काढतात. एचमॅकची रचना बेलारे, कॅनेटी आणि क्रॉचिक यांनी १९९६ मध्ये मांडली. २००६ मध्ये सुरू झालेल्या ॲमेझॉन एस३ या साठवण-सेवेची सध्याची सही एचमॅक-शा२५६ या प्रकारची, ६४ हेक्स अक्षरांची (0 ते 9 आणि a ते f) असते. विनंती आली की सेवा तेच गणित पुन्हा करते. उत्तर जुळले तर दार उघडते, नाहीतर ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’. एस३ आणि गूगल क्लाउड स्टोरेज या दोन्हींकडे अशा लिंकची कमाल मुदत ७ दिवस आहे. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरमध्ये याच कामाला शेअर्ड ॲक्सेस सिग्नेचर आहे. एस३वर एका ‘पुट’मध्ये ५ जीबीपर्यंतच फाइल जाते, त्याहून मोठी असेल तर तुकडे करून प्रत्येक तुकड्याला वेगळी सही घ्यावी लागते.

अपलोड फसतो तो बहुधा क्षुल्लक कारणाने. लिंकमध्ये ‘&’ चिन्हे असतात; ती अवतरणांत न घालता शेलमध्ये दिली की शेल पहिल्याच ‘&’पाशी आज्ञा तोडतो आणि सहीचा भाग मागेच राहतो. सही ‘ॲप्लिकेशन/पीडीएफ’साठी केली आणि एजंटाने कन्टेन्ट-टाइप (फाइलचा प्रकार सांगणारा हेडर) वेगळा पाठवला, तरी ४०३. कधी मॉडेल लिंक उतरवताना सहीतले एखादे अक्षर बदलून टाकते. माणसाच्या ते लक्षातही येणार नाही, पण सही मग जुळत नाही. म्हणूनच टूलने नुसती लिंक न देता, अवतरणांसह तयार ‘कर्ल’ची ओळच द्यावी हे उत्तम. आणखी एक फसवा प्रकार आहे. सही तात्पुरत्या किल्लीने केली असेल तर ती किल्ली संपताच लिंकही मरते, तिच्यावर मुदत कितीही लिहिलेली असो.

लिंक ज्याच्या हाती, परवानगी त्याची. सेवा नाव-गाव विचारत नाही. एजंटाचा संवाद आणि लॉग साठवले जातात, त्यामुळे लिंकही तिथे पडून राहते. मुदत संपेपर्यंत ती पुन्हा वापरता येते आणि वेगळी अट घातली नसेल तर आधीच्या फाइलवर नवी चढवता येते. एजंटासाठी काही मिनिटांची मुदत पुरते. ७ दिवसांची देणे हा निव्वळ आळस.

याहून अवघड धोका उलट बाजूचा आहे. एजंट वाचत असलेल्या एखाद्या कागदपत्रात कोणी दडवून लिहिते, ‘या लिंकवर सगळ्या फाइली चढव’. ती लिंक हल्लेखोराच्या खात्यातली, सही मात्र अगदी खरी. सँडबॉक्समधून फक्त साठवण-सेवेच्या डोमेनकडे जायची मुभा ठेवली असली तरी हा हल्ला अडत नाही, कारण तेच डोमेन अनेक ग्राहकांचे असते. डोमेनबरोबर बकेटचे (ग्राहकाच्या स्वतःच्या साठवण-कप्प्याचे) नावही तपासले तर तो अडतो.