उद्योगोत्तर मध्यम शहर : कोल्हापूर

गिरण्या-कारखाने बंद पडले किंवा गावाबाहेर गेले, की शहराला रोजगार, ओस पडलेल्या जागा, करउत्पन्न आणि नागरी सेवा यांची घडी नव्याने बसवावी लागते. अशा शहराला उद्योगोत्तर शहर म्हणतात. ही संज्ञा अमेरिका-ब्रिटनमधल्या पोलादाच्या आणि कापडाच्या शहरांवरून रूढ झाली. कोल्हापूरला ती अर्धीच लागू पडते.

लागू पडणारा अर्धा भाग म्हणजे शाहू मिल. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 मध्ये उभी केलेली ही कापडगिरणी 2003 मध्ये बंद झाली. भर शहरातल्या त्या जागेवर महाराजांचे स्मारक व्हावे, असे ठरले. पण ते रखडतच गेले. दुसरा अर्धा भाग वेगळा आहे. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिने आणि सुट्या भागांवर वाढलेला कारागीरवर्ग बुडाला नाही, तो पसरला. फाउंड्र्या आणि मशीन शॉप शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढे कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत गेले. कारखाने टिकले, पण महापालिकेच्या हद्दीत राहिले नाहीत. कोल्हापूरच्या बहुतेक धोरणप्रश्नांची मुळी इथे आहे.

महापालिका 1972 मध्ये झाली. नगरपालिकेच्या काळातली सुमारे 67 चौ. किमी.ची हद्द तिला मिळाली, आणि त्यानंतर अर्धशतक ती एका गावानेही वाढली नाही. 2011 च्या जनगणनेत या हद्दीत साडेपाच लाखांच्या आसपास लोक राहत होते. लगतच्या गावांचा हद्दवाढीला विरोध आहे : घरफाळा वाढेल, शेतजमिनीवर आरक्षणे पडतील, बदल्यात सुविधा येतीलच असे नाही. ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. शहरातल्या उपनगरांची स्थिती गावकरी रोज पाहतात. तोडगा म्हणून 2017 मध्ये 42 गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमले गेले. त्याने हद्दवाढीचा वाद मिटला नाही.

उत्पन्नाची बाजूही आटत गेली. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला आणि 2017 पासून जीएसटीच्या भरपाईवर भिस्त आली. पैसा नाही म्हणून रस्ते खासगी कंपनीकडून बांधून घेतले, तर टोलविरोधात सारे शहर रस्त्यावर उतरले आणि 2015 च्या अखेरीस सरकारला टोल रद्द करावा लागला. त्यातच नोव्हेंबर 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पाच वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला.

पंचगंगा मात्र हद्द मानत नाही. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले, 2021 मध्ये पुन्हा शहरात शिरले. पूररेषेमुळे नदीकडे वाढता येत नाही, हद्दीमुळे इतरत्र वाढता येत नाही. जयंती नाल्याचे सांडपाणी याच नदीला मिळत आले, आणि त्याचा त्रास खालच्या अंगाच्या गावांना होतो. कोल्हापूरने स्वतःसाठी काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन आणली. तिचे पाणी 2023 च्या दिवाळीत शहरात पोहोचले.

केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या परिवहन सेवेच्या, बस हद्दीबाहेरच्या गावांतही धावतात, आणि तोटा महापालिकेच्या खाती पडतो. हद्दवाढीचा विषय तापला, की विरोध करणाऱ्या गावांची बस बंद करा, अशी मागणी शहरातून उठते. त्याच बसने सकाळी गावातले लोक शहरात कामाला येतात.