अणुऊर्जा प्रकल्पाच्या जागेखालचे भूजल: अर्ज कोणाचा, फाइलमध्ये काय हवे

जागेच्या मंजुरीसाठी अर्ज करायचा तो प्रकल्प उभारून चालवणाऱ्या संस्थेने. बोअर मारणारा ठेकेदार आणि अहवाल लिहिणारा सल्लागार तिच्यासाठी काम करतात, उत्तर मात्र तिलाच द्यावे लागते. अर्ज जातो देशाच्या अणुसुरक्षा नियामकाकडे. तयारीला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे जागेच्या मूल्यमापनाविषयीचे २०१९ चे एसएसआर-१ मानक हाताशी ठेवावे. अमेरिकेत छाननी करणारे न्यूरेग-०८०० या तिथल्या नियामकाच्या छाननी-मार्गदर्शिकेतला २.४.१२ हा भूजलाचा भाग धरून प्रश्न विचारतात.

नियामकाला मुख्यतः दोन गोष्टी कळायला हव्या असतात. पाणी जास्तीत जास्त किती चढेल आणि पायाला खालून किती रेटेल? आणि किरणोत्सर्गी द्रवाची टाकी गळली, तर तो द्रव भूजलातून कुठे, किती काळात पोहोचेल?

पहिल्यासाठी पातळीच्या नोंदी लागतात. एका ऋतूची मोजणी चालत नाही, कोरडे आणि ओले दोन्ही दिवस दिसायला हवेत. म्हणून निरीक्षण विहिरी अर्जाच्या बऱ्याच आधी खणाव्यात. केसिंगच्या (विहिरीत बसवलेल्या नळीच्या) काठावरच्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजतात. त्या खुणेची उंची सर्व्हेत काही सेंटीमीटर चुकली, तर सपाट किनाऱ्यावर प्रवाहाची दिशाच उलटी दिसू शकते. भरती-ओहोटीच्या जागी हाताने मोजण्यापेक्षा स्वयंचलित नोंदयंत्र बरे.

दुसऱ्यासाठी पंपिंग चाचणीचे (पाणी उपसून थरांतून ते किती सहज वाहते हे पाहण्याच्या चाचणीचे) निकाल, पाण्याचे रासायनिक पृथक्करण, बोअरचे लॉग (कोणत्या खोलीवर कोणता थर लागला याच्या नोंदी) आणि मातीचे नमुने जोडायचे. ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) पाण्याच्याच वेगाने जाते, अर्धायु (निम्मे उरायला लागणारा काळ) सुमारे १२.३ वर्षे. सिझियम-१३७ हा किरणोत्सर्गी पदार्थ मात्र चिकणमातीला धरून राहतो. त्यामुळे माती असे पदार्थ किती धरते याची चाचणी त्याच जागेच्या नमुन्यांवर झालेली असावी. पुस्तकातला आकडा छाननीत टिकणे कठीण. आसपासच्या विहिरी आणि त्यांचा उपसा यांचा नकाशाही लागतो.

कायम उपसा करून पाया कोरडा ठेवायचा बेत असेल, तर पंप बंद पडल्यावर काय होईल तेही लिहा. जपानमधल्या फुकुशिमा दाइइची अणुवीज प्रकल्पाची जागा सुमारे ३५ मीटर उंचीवरून १० मीटरपर्यंत कापलेली होती. २०११ च्या अपघातात उपसा बंद पडला आणि त्यानंतर इमारतींत रोज साधारण ४०० टन भूजल शिरत होते.

अर्जानंतर शंकांच्या फेऱ्या होतात, कधी नवे बोअरही मागतात. वापरात नसलेले बोअर सिमेंट-बेंटोनाइटने (सिमेंट आणि फुगणाऱ्या चिकणमातीच्या मिश्रणाने) बुजवल्याची नोंद जोडायला विसरू नका. उघडे बोअर म्हणजे गळतीला खाली जायची आयती वाट.