पायांच्या फुगलेल्या शिरा: हुकापासून लेसरपर्यंत

व्हेरिकोज व्हेन्ससाठी सर्जनकडे गेलेला पेशंट हल्ली खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतो, "लेसर करायचं की ऑपरेशन?" ऑपरेशन म्हणजे जुनं आणि लेसर म्हणजे नवं, अशी त्यामागची समजूत असते. इतिहास मात्र जरा वेगळं सांगतो. फुगलेली शीर जाळून बंद करण्याची कल्पना दोन हजार वर्षं जुनी आहे, आणि हुक घालून ती ओढून काढण्याचीही तितकीच. या काळात खरा फरक पडला तो निदानात. कोणती शीर बिघडली आहे आणि बिघाड नेमका कुठून सुरू होतो, हे कळायला फार वेळ लागला. ते कळेपर्यंत सर्जनांनी पायांवर बरीच सुरी चालवली.

आधी शरीररचना थोडक्यात. पायातलं रक्त गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध हृदयाकडे चढतं. पोटरीचे स्नायू आवळले की ते वर ढकललं जातं आणि शिरांमधल्या झडपा त्याला परत खाली येऊ देत नाहीत. स्वस्थ उभं असताना घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याच्या सुमारे 90 मिलिमीटर इतका दाब असतो. चालू लागलं की तो 30 च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झाल्या की दाब असा उतरत नाही. कातडीखालची शीर ताणली जाते, वेडीवाकडी होते. पुढे घोट्याजवळची कातडी काळपट पडते आणि शेवटी न भरणारी जखम होते. तासन् तास उभं राहून काम करणाऱ्यांना, मग ते वाहतूक पोलीस असोत, आचारी असोत की शिक्षक, हा त्रास अधिक होतो. घरात आधीपासून असेल आणि बाळंतपणं झाली असतील तर धोका आणखी वाढतो.

अथेन्सच्या अॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी इ.स.पूर्व चौथ्या शतकातली नवसाची एक शिळा सापडली आहे. तिच्यावरचा माणूस स्वतःहून मोठा पाय दोन्ही हातांनी धरून उभा आहे आणि त्या पायाच्या आतल्या बाजूने ठसठशीत फुगलेली शीर कोरलेली आहे. आज सर्जरीच्या पुस्तकात 'लॉंग सॅफेनस' म्हणून जी दाखवतात, तीच ही. हिपोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य अशा शिरेवर मोठा छेद घेऊ नका, फार तर जागोजागी टोचा, असं सांगत. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत शिरांच्या गाठीचा 'सिराजग्रंथी' असा स्वतंत्र उल्लेख आहे. शिरावेध, म्हणजे शीर टोचून रक्त काढणं, कुठे, कसा आणि कोणाचा करू नये, यावर तर अख्खा अध्याय आहे. जळवा लावण्याची पद्धत आयुर्वेदिक रुग्णालयांत या जखमांसाठी आजही वापरतात.

शस्त्रक्रियेचं पहिलं सविस्तर वर्णन मिळतं ते रोमन लेखक सेल्ससकडे, इ.स. पहिल्या शतकात. तो दोन उपाय देतो. एक म्हणजे कातडी उघडून शिरेला तापलेल्या लोखंडाचा डाग देणं. दुसरा उपाय शीर काढण्याचा: साधारण चार चार बोटांच्या अंतरावर छेद घ्यायचे, प्रत्येक छेदातून बोथट हूक शिरेखाली सरकवायचा, मग एका ठिकाणी शीर कापून पुढच्या छेदातून ओढून घ्यायची. भूल वगैरे काही नाही. हे सोसणं काय असेल, याची कल्पना रोमन सेनापती गायस मारियसच्या प्रसंगावरून येते. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो की मारियसने स्वतःला बांधू दिलं नाही आणि एका पायाच्या शिरा निघेपर्यंत हूं की चूं केलं नाही. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र त्याने नकार दिला. एवढ्या वेदनेच्या मानाने मिळणारा गुण काही मोठा नाही, असा त्याचा हिशोब. हा किस्सा शौर्याचा म्हणून सांगतात. मला तो उपचाराची किंमत पहिल्यांदाच पेशंटने ठरवल्याचा वाटतो.

पुढची पंधराशे वर्षं भरभर ओलांडायला हरकत नाही. सातव्या शतकात एजिनाचा ग्रीक वैद्य पॉल याने मांडीतच शीर बांधण्याचं वर्णन केलं, सोळाव्यात फ्रान्सच्या आंब्रोआज पारेनेही बांधण्याचा आणि पट्ट्यांचा मार्ग धरला. पण शीर वर बांधली तर खालच्या फुगवट्याला उतार का पडतो, हे त्यांना सांगता येत नव्हतं. रक्त कोणत्या दिशेने वाहतं हेच ठरलेलं नव्हतं. पडुआच्या फॅब्रिशियसने शिरांमधल्या झडपांवरचं पुस्तक 1603 मध्ये छापलं, तरी त्या रक्ताचा खाली जाणारा वेग कमी करण्यासाठी आहेत असाच त्याचा ग्रह होता. त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने 1628 मध्ये दाखवून दिलं की झडपा रक्ताला एकाच दिशेने, हृदयाकडे जाऊ देतात.

तरी या ज्ञानाचा सर्जरीला उपयोग व्हायला अडीचशेहून अधिक वर्षं गेली. तोवर ईथरची भूल आली, लिस्टरची निर्जंतुक पद्धत आली आणि शिरेला हात लावला की पू होऊन पेशंट दगावण्याची भीती ओसरली. मग 1890 च्या सुमारास जर्मन सर्जन फ्रीडरिक ट्रेंडेलेनबर्ग यांनी अगदी साधी तपासणी मांडली. पेशंटला झोपवायचं, पाय वर करून शिरा रिकाम्या करायच्या, मांडीच्या वरच्या भागात मोठी शीर बोटाने दाबून धरायची आणि त्याला उभं करायचं. बोट दाबलेलं असेपर्यंत पोटरीतल्या शिरा रिकाम्याच राहतात. बोट उचललं की रक्त वरून धाडकन खाली उतरतं आणि क्षणात शिरा टरारून फुगतात. म्हणजे दिसतंय पोटरीत, पण गळती आहे वर, मांडीत. त्यावर त्यांचा उपायही तितकाच नेमका होता: मांडीत छोटा छेद, शीर दोन ठिकाणी बांधायची आणि मधून कापायची.

एक चूक मात्र राहिली. ते शीर बांधत होते मांडीत, म्हणजे जांघेत ती खोल शिरेला मिळते त्या सांध्याच्या बरंच खाली. वरच्या फांद्या मोकळ्याच राहत आणि त्यांच्यातून रक्त पुन्हा वाट काढी. बॉस्टनच्या जॉन होमन्स यांनी 1916 मध्ये, खोल शिरेला जिथे ही शीर मिळते अगदी तिथेच, सगळ्या फांद्यांसह ती बांधावी असं ठासून सांगितलं. 'ट्रेंडेलेनबर्ग ऑपरेशन' या नावाने आपल्याकडे शिकवलं जातं ते खरं तर हे सुधारलेलं रूप.

याच काळात उलट टोकाचे प्रयोगही चालू होते. ओटो माडेलुंग यांनी 1884 मध्ये लांबच लांब छेद घेऊन संपूर्ण शीर कापून काढली. 1908 च्या सुमारास तर पायाभोवती वळसे घेत मांडीपासून खाली उतरणारा सर्पिल छेद घ्यायचा आणि जखम उघडीच ठेवून भरू द्यायची, अशी पद्धत निघाली. तिची चित्रं पाहिली की मारियस आठवतो. सुदैवाने अमेरिकेत त्याआधीच तीन वर्षांत तीन मार्ग सापडले होते. 1905 मध्ये विल्यम केलर यांनी शिरेच्या आतून तार घालून ती उलटी करून ओढली. 1906 मध्ये चार्ल्स मेयो यांनी शिरेबाहेरून सरकणारी कडी वापरली. 1907 मध्ये फिलाडेल्फियाच्या बॅबकॉक यांनी टोकाला बोंड असलेली लवचिक सळई आणली. जांघेत एक छेद, खाली एक छेद, मधली शीर बोंडासकट बाहेर. यालाच 'स्ट्रिपिंग' म्हणतात, आणि विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत हेच मुख्य ऑपरेशन राहिलं. सुरुवातीला शीर थेट घोट्यापर्यंत काढत. पोटरीत सॅफेनस नावाची मज्जातंतू शिरेला चिकटूनच जाते. तिला इजा होऊन पाय बधिर व्हायचा. म्हणून पुढे गुडघ्याखाली जायचं थांबवलं.

सुईचा मार्ग समांतर चालला होता. 1853 मध्ये फ्रान्समधल्या लियोंच्या प्राव्हाझ यांची सिरिंज आली आणि लगोलग फेरिक क्लोराईड टोचून शिरा गोठवण्याचे प्रयत्न झाले. संसर्ग आणि मृत्यू इतके झाले की 1894 मध्ये त्याच लियोंमधल्या परिषदेत ही पद्धत सोडून देण्याचा सल्ला दिला गेला. तिचं पुनरुज्जीवन अपघातानेच झालं: उपदंशावर (सिफिलिस) शिरेतून औषधं देताना शिरा कडक होऊन बंद पडतात, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं. 1960 च्या दशकात डब्लिनच्या फेगन यांनी इंजेक्शननंतर घट्ट पट्टी बांधण्यावर भर दिला. 2000 मध्ये इटलीच्या तेस्सारी यांनी दोन सिरिंज एका तीन तोंडी नळीला जोडून औषध आणि हवा घुसळून फेस करण्याची युक्ती सांगितली. साध्या द्रवापेक्षा फेस रक्त बाजूला सारून शिरेच्या भिंतीला जास्त वेळ लागून राहतो.

मोज्यांचाही वाटा आहे. स्वतःच्या पायाच्या जखमेने बेजार झालेले ओहायोचे इंजिनिअर कॉनराड जोब्स्ट यांना पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की बरं वाटायचं. पाण्याचा दाब खाली जास्त आणि वर कमी. त्यावरून 1950 च्या सुमारास घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारे मोजे तयार झाले. स्वित्झर्लंडचे त्वचारोगतज्ज्ञ रॉबर्ट मुलर यांनी 1956 पासून बारीक हुकांनी, टाके न लागणाऱ्या दोन-तीन मिलिमीटरच्या छेदांतून वळलेल्या फांद्या काढायला सुरुवात केली. सेल्ससचा हूक असा परत आला, या वेळी स्थानिक भूल घेऊन.

पण सगळ्यात मोठी उडी सोनोग्राफीने घेतली. 1980 च्या दशकात डुप्लेक्स डॉप्लर आला आणि उभ्या पेशंटच्या पायात रक्त कुठे, किती सेकंद उलटं वाहतं, हे पडद्यावर दिसू लागलं. ट्रेंडेलेनबर्गचं बोट जे अंदाजाने सांगायचं, ते आता मोजता आलं. शिवाय निरोगी शीर उगाच का काढायची, हाही प्रश्न उभा राहिला होता. कारण 1967 मध्ये क्लीव्हलंडमध्ये रेने फावालोरो यांनी हृदयाच्या बायपाससाठी पायाची हीच शीर वापरली होती.

शीर दिसू लागल्यावर जाळण्याची कल्पना परतली. रेडिओफ्रिक्वेन्सीची, म्हणजे रेडिओलहरींच्या ऊर्जेने शीर आतून तापवणारी नळी 1998 च्या सुमारास युरोपात वापरात आली आणि लेसरचे पहिले अहवाल 1999 मध्ये आले. सोनोग्राफीच्या नजरेखाली गुडघ्याजवळ सुई टोचतात, तंतू जांघेच्या सांध्याच्या साधारण दोन सेंटिमीटर खालपर्यंत नेतात आणि शिरेभोवती पातळ भुलीचं पाणी भरतात. भुलीचं पाणी भरण्याची ही युक्ती जेफ्री क्लाइन यांनी 1987 मध्ये चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मांडली होती. या पाण्याने वेदना जाते, आजूबाजूची कातडी आणि मज्जातंतू भाजत नाहीत, आणि शीर तंतूवर आवळली जाते. नंतरच्या रेडिओफ्रिक्वेन्सी नळीत तर सात सेंटिमीटरचा तुकडा 120 अंशांवर वीस सेकंद तापवला की पुढे सरकायचं. पेशंट तासाभरात चालू लागतो. 2015 मध्ये अमेरिकेत शीर चिकटवणाऱ्या वैद्यकीय गोंदालाही परवानगी मिळाली.

ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत आधी लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी, ते जमत नसेल तर फेस, आणि त्यानंतर ऑपरेशन असा क्रम लावला. 2018 च्या, 450 पेशंटांच्या एका ब्रिटिश चाचणीत लवकर शीर बंद केलेल्या गटातल्या निम्म्या लोकांची जखम 56 दिवसांत भरली. उशिरा बंद केलेल्या गटात त्यालाच 82 दिवस लागले. जखम आधी भरू दे, मग शिरेचं बघू, हा जुना सल्ला त्याने मोडीत निघाला.

आपल्याकडे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. लेसरचा तंतू महाग पडतो, म्हणून सरकारी आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत जांघेतला छेद आणि स्ट्रिपिंग अजून चालतं. एमबीबीएसच्या प्रॅक्टिकलला ट्रेंडेलेनबर्गची तपासणी अजून विचारतात. त्यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. ब्रिटनमध्ये 798 पेशंटांवर झालेल्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. लेसर आणि जुनं ऑपरेशन, दोन्ही गटांतल्या लोकांच्या जगण्याच्या गुणवत्तेत लक्षणीय फरक आढळला नाही. मागे पडला तो तिसरा, फेसाच्या इंजेक्शनचा गट. ऑपरेशनमध्ये दुखणं आणि घरी बसणं जास्त, एवढं खरं. पण उभं करून नीट डॉप्लर केलेला असेल आणि सर्जन सांध्यापर्यंत व्यवस्थित पोहोचणारा असेल, तर केवळ लेसर परवडत नाही म्हणून उपचार टाळत राहणं शहाणपणाचं नाही.