टॅपेट वाजतंय की टायमिंग चेन?

बाइकच्या इंजिनातून आवाज यायला लागला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “टॅपेट वाजतंय, टाइट करून देतो.” काम झटपट होतं, पैसेही फार लागत नाहीत. पण वाजत होती टायमिंग चेन आणि आवळलं टॅपेट, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायची सोय झालीच म्हणून समजा. उलट चूक झाली, म्हणजे टॅपेट वाजत असताना चेन ताणून धरणारा टेन्शनर बदलला, तर फक्त खिसा हलका होतो.

टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा रॉकर आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यातली फट मुद्दाम ठेवलेली असते. १००-१५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत ती थंड इंजिनवर साधारण ०.०५ ते ०.१० मिमी, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाएवढी किंवा त्याच्या निम्मी. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा. इनलेट आणि एक्झॉस्टचा वेगळा असू शकतो. तापल्यावर व्हॉल्व्ह लांब होतो. फट नसेल तर तो सीटवर, म्हणजे बंद होताना बसतो त्या कड्यावर, पूर्ण टेकत नाही, आणि त्याची बरीचशी उष्णता तर सीटमधूनच हेडमध्ये उतरते. मग कड जळते, कॉम्प्रेशन जातं, किक हलकी लागायला लागते. थोडंफार टकटकणाऱ्या टॅपेटवर माझा विश्वास असतो. एकदम गप्प झालेल्याचं काय ते फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून बघावं.

टायमिंग चेन आतली. मागच्या चाकाच्या चेनशी तिचा काही संबंध नाही. पिस्टन फिरवतो त्या क्रँकवरून ती व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवते. तिच्या एका बाजूला स्थिर गाइड, दुसऱ्या बाजूला रबर किंवा प्लॅस्टिकच्या अस्तराची हलती पट्टी. टेन्शनर या पट्टीला मागून रेटत राहतो. चेन झिजून लांबते तसतशी त्याची दांडी पुढे सरकते आणि परत येत नाही. कुठे दातेरी खाचांमुळे, कुठे स्प्रिंगवर फिरणाऱ्या स्क्रूमुळे, तर कुठे ऑइलच्या दाबामुळे. ही पकड सुटली की चेन फडफडते.

आता आवाज. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. १४०० आरपीएमच्या आयडलला, म्हणजे रेस न देता, मिनिटाला ७०० फेरे, म्हणजे एका व्हॉल्व्हचे सेकंदाला साधारण १२ ठोके. टॅपेट म्हणूनच शिवणयंत्रासारखं एका लयीत टकटकतं आणि रेस केली की लय तेवढीच वाढते. चेनला लय नसते. ती खरखरते, खडखडते, आणि रेस सोडून आरपीएम खाली येताना जास्त जाणवते. सकाळी स्टार्ट केल्यावर काही सेकंद खडखड आणि मग शांतता असेल तर संशय ऑइलवर चालणाऱ्या टेन्शनरवर. जागाही ऐकून बघा: लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर, मूठ कानाला. टॅपेट हेड कव्हरवर ठळक ऐकू येतं, चेन सिलिंडरच्या बाजूने, तिच्या बोगद्यावर. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर या दोघांनाही सोडा, क्लचकडे बघा.

बुलेटवाल्यांसाठी वेगळं: पुशरॉडच्या (लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या) जुन्या बुलेटला टायमिंग चेन नाहीच. तिथे कॅम गिअरवर फिरतात. रॉयल एनफील्डच्या ३५० मध्ये ती चेन आली २०२० च्या मीटिअरपासून. जुन्या बुलेटमध्ये चेन वाजत असेल तर ती प्रायमरी, म्हणजे क्रँकवरून क्लचला जाणारी.

टेन्शनर घरी बदलता येतो. बहुतेक गाड्यांत तो सिलिंडरच्या मागे, दोन छोट्या बोल्टवर असतो. इंजिन थंड हवं. मॅग्नेटोवरची (क्रँकच्या टोकावरच्या चाकावरची) टी खूण जुळवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, आणा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, कॅमवर स्प्रिंगचा जोर नसतो. टेन्शनर बाहेर असताना किक नाही, सेल्फ नाही, गिअरमध्ये गाडी ढकलणं नाही. चेन एक दात जरी सरकली तरी टायमिंग चुकतं, आणि फार सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतो.

काढलेल्याची दांडी अंगठ्याने दाबा. स्प्रिंग-स्क्रूच्या टेन्शनरची ती सहज आत गेली तर तो संपला. नवा बसवताना दांडी आधी आत घेऊन अडकवायची, नवं गॅस्केट लावायचं, बोल्ट आवळायचे आणि मगच दांडी सोडायची. ती बाहेर असतानाच बोल्टने ओढून बसवणं हा चेन-पट्टीवर जुलूम आहे. सहा मिमीच्या बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे. ॲल्युमिनियमचे आटे जोर दाखवायला नसतात. मग स्पॅनरने क्रँक चालत्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का बघा. मध्ये कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, उघडून बघायचं. स्टार्टर त्यानंतर.

जुन्या टेन्शनरची दांडी जवळजवळ पूर्ण बाहेर आलेली दिसली, तर दोष त्याचा नाही. चेनच लांबली आहे किंवा पट्टीला खोल चर पडलाय. तिथे नवा टेन्शनर फार तर थोडे दिवस आवाज दाबेल; चेन, गाइड आणि पट्टी एकदमच बदला. त्यासाठी हेड उघडावं लागेल. तेवढ्यात टॅपेटही मोजून घ्या.